कॅरमची पावडर

जेसंगभाईंनी फोनवर एवढंच सांगितलं,
‘मानेसाहेब, नीचेथी टपके छे.’
खालून गळतंय, असं सगळेच सांगतात.
तेल खालीच येणार.
वर जाणारं तेल मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही.

दांडिया बाजारातून स्कूटरवर निघालो,
डिकीत पाने, कॉर्कचा तुकडा, डब्यात थेपले.
विश्वामित्रीच्या पुलावर दोघंतिघं वाकून
एकमेकांना मगर दाखवत होते.
मला दिसली नाही. मला ती कधीच वेळेवर दिसत नाही.

क्लबच्या मैदानात मशीन उभं होतं,
लाल, वर बसून चालवायचं, स्टिअरिंगवालं.
अर्धं गवत कापलेलं, अर्धं तसंच,
न्हाव्याच्या खुर्चीतून मधेच उठलेल्या माणसासारखं.
खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर काळा पसरट डाग.
जेसंगभाई डागाकडे बघत होते
विजेचं बिल वाचावं तसे.
‘क्रँकचं सील गेलंय’ असं कुणी सांगून गेलेलं,
इंजिन उतरवावं लागेल, नऊ हजार.

मी डिझेल मागितलं आणि जुना ब्रश.
पंख्याखाली गवत तेलात मुरलेलं,
बरणीच्या तळाशी राहिलेल्या लोणच्यासारखं.
खरवडलं, धुतलं, पुसलं.
मग म्हटलं, पावडर आणा.
कसली?
कसलीही. पांढरी.
पोरगा आतून कॅरमची पावडर घेऊन आला,
झाकणावर कुणाचा तरी अंगठा उठलेला.
ती मी इंजिनावर फुंकली, कडेकडेने,
न्हाऊन आलेल्या तान्ह्याला लावतात तशी.
चालू करा.
आणि दहा मिनिटं आम्ही तिघं
न बोलता बघत राहिलो
याला घाम कुठून फुटतो ते.

वरून फुटला.
व्हॉल्व्हच्या झाकणाच्या कोपऱ्यातून
एकच बारीक रेघ,
पावडर भिजवत, बोल्टाला वळसा घालत
खाली सीलपाशी येऊन थांबली,
जणू जन्म तिथलाच.

झाकण काढलं. गॅस्केट
पापडासारखं हातात मोडलं.
कॉर्कवर झाकण ठेवून पेन्सिल फिरवली,
भोकं पाडली
छत्रीच्या नळीला धार लावून केलेल्या पंचाने.
बोल्ट समोरासमोरचे, पाव पाव आटा.
एकदम आवळलं की कॉर्क फाटतो.

मग सवयीने डिपस्टिक काढली.
तेल खुणेच्या वर. चांगलं दोन बोटं वर.
‘किती घालता?’
‘अर्धा लिटर. सोमवारी. गळतंय म्हणून.’
मागून गोपसिंग राठवा, रात्रीचा वॉचमन,
शिफ्ट संपूनही घरी न गेलेला, हळूच:
‘मीपण घालतो. रविवारी रात्री. डाग बघून.’

पुढचं मी विचारलं नाही.
चार महिने दोघांत बोलणं नव्हतं,
सायकलच्या पंपावरून,
हे मला गेटावरच्या चहावाल्याने नंतर सांगितलं.
जास्तीचं तेल काढलं, पाऊण लिटर.
बाटली कुणाच्या हातात द्यावी कळेना.
दोघांच्या मधे ठेवली.

हुडच्या आत मार्करने गुजरातीत लिहिलं,
तेल एकाने घालावं, दुसऱ्याला सांगून.
चार पिढ्या झाल्या आम्हाला इथे,
तरी शब्द संपला की हात आपसूक वर जातो
डोक्यावर रेघ ओढायला.
आजही गेला. अर्धी ओढलीही.
जेसंगभाई हसले.
गोपसिंगही हसला, त्यांच्याकडे न बघता.

रात्री जेवताना बायको म्हणाली,
कॅरम खेळून आलात की काय?
नखांत पावडर होती, काळ्यावर पांढरी.
म्हटलं, हो.
राणी घेतलीय.
कव्हर झालं का, ते सोमवारी कळेल.