हातचा

या घरात कोण कोण राहतं?
दर खेपेला सुरुवात इथूनच.
वर्षाआड येते मी, सरकारी ओळखपत्र गळ्यात,
मांडीवर लॅपटॉप, पिशवीत वीस डॉलरचं कार्ड,
केंटकीच्या डोंगरात, ओहोळालगतच्या त्या घरी
ज्याची चाकं काढून विटांवर टेकवलंय.
वर्डी मावशी बोटांवर मोजते:
मी, रस्टन, पाळण्यातली ओपल.
तीन.

रस्टन आठ वर्षांचा. म्हणतो, चार.
आई पण.

नियम मला पाठ आहे, तरी वाचून दाखवते:
महिन्यातल्या निम्म्याहून जास्त रात्री
जो इथे झोपतो, तोच इथे राहतो.
आई तुरुंगात, तीन तासांच्या वाटेवर,
मार्चपासून.
वर्डी खिडकीला ताणलेल्या प्लॅस्टिककडे बघत राहते.
तो उठतो, आतून एक कोट घेऊन येतो,
तपकिरी, बाहीवर सिगारेटचं भोक.
“हा झोपतो ना इथे.
रोज. माझ्या अंगावर.”

कोटाला रकाना नाही.

पुढचा प्रश्न. गेल्या तीस दिवसांत
घरात खायला कमी पडलं का:
कधीच नाही, कधी कधी, वारंवार.
“कधीच नाही,” वर्डी म्हणाली, इतक्या चटकन
की मला पुन्हा विचारावंसं वाटलं.
पुन्हा विचारायची मुभा नसते आम्हाला.
खरं तर असते, एकदा.
मी घेतली नाही.

निघाले तेव्हा तो पायरीवर गृहपाठ करत होता.
अठ्ठावीस अधिक पंधरा.
आठ नि पाच तेरा, तेराचे तीन, हातचा एक.
“बाई सांगतात, हातचा वर बारीक लिहून ठेव.
मी नाही लिहीत,” म्हणाला,
“माझ्या लक्षात असतो.”

त्रेचाळीस. बरोबर होतं.

अहवाल दोन वर्षांनी आला, निळ्या मुखपृष्ठाचा,
गुळगुळीत कागद, आत कुणाच्या तरी हसऱ्या मुलांचे फोटो.
तक्ता सात: नातलगांकडे वाढणारी मुलं,
घरातील सरासरी माणसं, टक्केवारी दशांशासकट,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टीप:
आकडे जवळच्या दशांशाला आणल्यामुळे
बेरीज शंभर भरेलच असं नाही.

नव्हतीच भरत.
रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मी दोनदा करून पाहिली, पेन्सिलीनं,
वर बारीक काही न लिहिता.