चार, एक, दोन, सहा

खोली भाड्याने घेतली तेव्हा फोन भिंतीवर होताच.
शेवटचे आकडे चार, एक, दोन, सहा.
भराभर म्हटले की ऐकू येतं ‘योइ फुरो’, झकास आंघोळ.
मला कुठलं सुचायला.
कुशिरोच्या बंदरावर मी रात्रभर बर्फात मासे भरतो
आणि उजाडताना येऊन पडतो.

पहिला फोन गुरुवारी, दुपारी तीनला.
“आज पाणी तापलंय का?”
म्हातारा आवाज, पण घाईतला,
टॉवेल खांद्यावर टाकूनच उभ्या असाव्यात असा.
राँग नंबर, म्हणालो. ठेवला.
पुढच्या गुरुवारी पुन्हा.
तिसऱ्यांदा मी अर्धवट झोपेत होतो, म्हणून बोलून गेलो,
“आज बंद आहे. बॉयलर बिघडलाय.”
“अरेरे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तरी ऊबदार कपडे घाला.”

तेवढंच.
त्या रात्री मी मोज्यांचा दुसरा जोड चढवला.

मग बॉयलर बिघडतच राहिला.
कधी चिमणी साफ करायची असे, कधी मालकाचा दात दुखे,
एकदा तर मी आख्खी टाकी गळवली.
खोटं बोलायची सवय नव्हती मला.
खरं तर बोलायचीच नव्हती.
त्या सांगत, मांजर परत आलं.
यंदा मुळा पोकळ निघाला.
धुक्याचा भोंगा बंद केल्यापासून झोप लागत नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तीन वाजले.
सव्वातीन.
चारला मी गमबूट घातले.

स्नानघर चढावर होतं, म्हणजे चिमणी होती.
दारावर फळ्या, फळ्यांवर बर्फ.
बाईंचं नाव मला कुठे माहीत.
शेजारच्या तांदूळवाल्याला म्हणालो, मांजर, पोकळ मुळा.
“फुसाएबाई,” तो म्हणाला. “निळं छप्पर.”

पाय मुरगळलेला. फोन पलीकडच्या खोलीत.
“मी स्नानघरातला,” मी म्हणालो.
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
बाहीवर चिकटलेल्या खवल्यांसकट.
“सहा वर्षं झाली ते बंद होऊन.
शेवटच्या दिवशी पाण्यातून शेवटची मीच निघाले.
नंबर लावला तर घंटा वाजायची अजून.
पुष्कळ दिवस नुसतीच वाजायची.”

मला काय बोलावं कळेना.
स्टोव्हवर किटली होती. घमेल्यात पाणी ओतलं,
कोपर बुडवून पाहिलं.
सुजलेला बाहेर राहू द्या, म्हटलं,
धडका तरी भिजू दे.
त्यांनी पाय आत सोडला, डोळे मिटले.
खिडकीवर वाफ धरली आणि रस्ता दिसेनासा झाला.
मांजर येऊन माझे बूट हुंगत बसलं.

“तापलंय का?”
“जरा कमी,” त्या म्हणाल्या. “मालकाला सांगा.”

निघताना त्यांनी सुटे पैसे मोजून हातावर ठेवले,
सहा वर्षांपूर्वीच्या दराने.
मी घेतले.