मानस

अर्जात एक चौकोन होता, तीनशे शब्दांचा.
इंग्रजीतला प्रश्न मी मनातल्या मनात मराठीत केला:
या कामात येण्यामागे तुमचा मानस काय?
आणि अडले.

कारण चोडणात मानस म्हणजे दरवाजा.
खाजनाच्या बांधात बसवलेला, किंदळीच्या फळ्यांचा,
भरतीला मिटणारा, ओहोटीला उघडणारा.
आणि तो नव्हे, ती. ती मानस.
बाबा तिची राखण करतात बेचाळीस वर्षं.
त्यांना कुणी कधी कारण विचारलेलं नाही.

चौकोन रिकामा ठेवून मी रोज
रायबंदरच्या फेरीत स्कूटर घालत राहिले.
पाणी खात्यात कंत्राटी अभियंता:
अकरा महिने, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने.
टेबलावर टाक्यांचे नकाशे, आणि पाकिटात
कुठल्याशा छावणीचा आकडा, बातमीतून उतरवलेला:
माणशी, दिवसाला, सात लिटर.
आमच्याकडे सात लिटर
मासळी धुण्यात जातं.

मुलाखत पडद्यावर झाली. तीन चेहरे, तीन घड्याळांचे;
एकीच्या खिडकीत अजून काळोख होता.
आणीबाणीत तुम्ही काय केलंत, एक उदाहरण द्या.

मी बांध फुटल्याची रात्र सांगितली.
अमावास्येची भरती. मी चौदाची.
आधी देवळातली घंटा वाजली, मग कपेलची.
चिखल, पेंढा, माडाचे ओंडके,
कायतानच्या न्हाणीचं दारसुद्धा,
हाती लागेल ते भगदाडात.
कोरगुटाचं भात मानेपर्यंत खाऱ्यात.
"आणि तुमची भूमिका?"
मी कंदील धरला होता.
"तेवढंच?"
चार तास, मी म्हणाले. एकटीनं.
तिथंच चुकलं. कंदिलाला दोन माणसं लागतात.
पहाटे माझा हात लवला, उजेड हलला,
आणि बाबांचा पाय ओंडक्याखाली गेला.
काळोखातली बाई तेव्हा पहिल्यांदा
काहीतरी लिहू लागली.

मग वास्कोला, बंदराच्या दवाखान्यात,
पिवळ्या तापाच्या लशीची रांग. सगळे तारवटी.
पुढचा, मिनीन नावाचा, कुंकळ्ळीचा, वळून म्हणाला,
"बोट खंयची तुजी?"
म्हटलं, बोट नाही.
"मागीर कंपनी?"
कंपनीही नाही. लोक जीव घेऊन पळून येतात ना,
तिथं पाणी आणायचं. संडास खणायचे.
त्यानं बाही वर केली, सुई घेतली,
कापूस दाबत बराच वेळ गप्प बसला.
"पूण कंत्राट कितल्या म्हयन्यांचें?"
सहा, म्हटलं. तेव्हा त्याला उमगलं.
"बरें," तो म्हणाला. "म्हजें णव."

आता मी यादीत आहे.
बोलावलं की बहात्तर तासांत निघायचं.
दारामागे बॅग, बॅगेत बूट, बुटांत मोजे.
फेरीवर ओळखीचे विचारतात, "अजून इथंच?"
आई भात वाढता वाढता थांबते:
"थंय तुजें कोण आसा गो?"
मी वरण मागते.
चौकोनात शेवटी काय लिहिलं, खरंच आठवत नाही.

संध्याकाळी बाबांबरोबर बांधावर जाते.
ते लंगडत पुढे, मी मागे.
मध्येच वाकतात, एका बिळात अंगठा घालतात,
खेकडा आत आहे की गेलाय ते बघतात,
मूठभर चिखल थापतात.
बांध लाटेनं फुटत नाही, म्हणतात. यानं फुटतो.
मग बरंच अंतर काही बोलत नाहीत.
मानशीपाशी आल्यावर विचारतात,
"तिथली माती कसली?"
माहीत नाही, बाबा.
"गेलीस की आधी ते बघ,"
आणि फळीची फट चाचपायला
चांगला पाय पुढे टाकून
खाली उतरतात.