बॉक

चिमणबागेत पिचरची पट्टी म्हणजे
जुन्या ट्रकच्या ट्यूबचा हातभर तुकडा,
चार खिळ्यांनी मातीत ठोकलेला.
रोज सकाळी एक खिळा वर आलेला असतो.
मी तो टाचेने परत आत घालतो.

पोरींना सांगतो,
या पट्टीवर पाय ठेवला की तुम्ही मोकळ्या नाही.
हातात चेंडू नसेल तर उभंच राहायचं नाही इथे.
दोन्ही हात जुळले की थांबायचं.
थांबल्यासारखं नव्हे, थांबायचं,
म्हणजे मला मनात ‘थांबली’ हा शब्द
शेवटच्या अक्षरापर्यंत म्हणता आला पाहिजे.

मान वळवा हवी तितकी, मान तुमची.
हात जुळल्यावर खांदा मात्र तुमचा नाही.
पहिल्या बेसवर फेकायचं तर पाऊल आधी तिकडे,
आणि तिकडे पाऊल टाकलं तर फेकायचंच.
काहीच करायचं नसेल
तर टेकलेला पाय पट्टीच्या मागे घ्या,
मग तुम्ही बाकीच्या आठांसारख्या,
करा काय फसवायचं ते.

“पण सर, रनरला फसवणं हाच तर खेळ ना?”
गौतमी झोकरकर, डावखुरी.
वडिलांचा मल्हारगंजात लग्नपत्रिकांचा छापखाना,
तिच्या हातून आलेल्या चेंडूच्या शिवणीला
सीझनमध्ये सोनेरी शाई लागलेली असते.
मी म्हटलं, फसव की.
सुरू करून सोडू नकोस, एवढंच.

फायनलला उज्जैनच्या अंपायरची बस
सांवेरला बंद पडली.
महूवाले म्हणाले, बागदरे सर चलेंगे,
वो तो अपनी वालियों को ज़्यादा डाँटते हैं।

सातवी इनिंग, बरोबरी, दोन आऊट,
तिसऱ्या बेसवर महूची चंचल यादव,
आमच्या चेंडूकडे बघत, जीभ गालात.
गौतमीचे हात जुळले.
मी मनात म्हणायला लागलो
थां... ब...
आणि खांदा,
तांदळाच्या दाण्याएवढा.

मग चेंडू. तिसरा स्ट्राइक.
आमच्या पोरी किंचाळत आत धावल्या,
शेंगदाणेवाल्यानेसुद्धा टाळ्या वाजवल्या,
आणि माझा हात वर.

मोठ्यांच्या खेळात बॉकनंतरही चेंडू चालू राहतो,
शाळेच्या खेळात तो जागीच मरतो.
म्हणजे तो स्ट्राइक झालाच नाही.
म्हणजे ज्या चेंडूवर त्या नाचत होत्या
तो कुणी टाकलाच नव्हता.
चंचल चालत घरी आली. धावायची गरजच नव्हती.

गौतमी भांडली नाही.
ग्लव्ह काखेत धरून एवढंच विचारलं,
“सर, किती हलला?”
मी चिमटीत दाखवला.
तिने चिमटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
“मग लगेच का नाही म्हणालात?”

हे कुणीच पाहिलं नव्हतं.
खांदा आधी हलला, चेंडू नंतर सुटला,
आणि माझा हात त्याच्याही नंतर.
मधल्या त्या वेळात
मी सुरू करून सोडणार होतो.
अंपायरच्या बॉकला
नियमात कलम नाही.

रात्री छतावर बनियनमध्ये उभा राहून
मी हात वर करून पाहिला,
वेळेवर. पुन्हा वेळेवर.
समोरच्या गच्चीवरचे पोटनीस
हात हलवून म्हणाले, काय हो, बरंय ना?

सकाळी साडेपाचला मैदानावर गेलो.
धुकं होतं, कुणी दिसलं नाही.
चारही खिळे
आधीच आत गेलेले होते.