मसुरीचा दाणा

सभा दोनची होती. तीनपर्यंत आले
दोन नगरसेवक, एक कुत्रं आणि चहा.
बायका आल्या सव्वातीनला,
नळ गेल्यावर.

नकाशा मी बडोद्याहून आणला होता,
बसमध्ये मांडीवर, गुंडाळून.
डभोईच्या शाळेतल्या सतरंजीवर पसरला
आणि चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या.

म्हटलं, ज्या घरी संडास आहे तिथे तुरीचा दाणा ठेवा.
ज्या घरचा खाळकुवा तुंबलाय तिथे मसूर.
(पुण्याची मावसबहीण शोषखड्डा म्हणते.
आमच्या घरात तो शब्द अजून पोचलेला नाही.)

हसमुखभाईंनी त्यांच्या वॉर्डात मूठभर तूर ओतली.
सईदाबानू घांचीनं एकेक दाणा उचलून
त्यांच्या हातात परत दिला.
यांच्याकडे आहे, पण दार नाही.
यांच्यात बकरी बांधतात.
आणि इथे तर घरच नाही, साहेब, विजेचा खांब आहे.
हसमुखभाईंना तेव्हाच फोन आला.

मसूर मात्र कोणी उचलेना.
खाळकुवा तुंबलाय हे
नवऱ्याच्या पगारासारखं.
आळीला माहीत असतं, आपण बोलायचं नसतं.

दाराबाहेर जीवीबेन बसली होती.
बोलावलं नव्हतं कोणी.
सभा उठली की खोली झाडायची, म्हणून आलेली.
तिथूनच म्हणाली,
बेन, तुमची गटार उलटी वाहतेय.

मी बाण दाखवला. निळा. पूर्वेकडे, तळ्याकडे.
असेल, म्हणाली.
मी एकतीस वर्षं पश्चिमेला उपसते.

या, आत या, मी म्हटलं. ती हलली नाही.
सतरंजीकडे बघितलं तिनं, मग बायकांकडे.
बायका नकाशाकडे बघू लागल्या,
एकदम खूप लक्ष देऊन.

सईदाबानू उठली. कोपऱ्यांवरच्या चपला काढल्या
आणि अख्खं डभोई ओढत नेलं उंबऱ्यापर्यंत.
तूर घरंगळली, खांबाची, बकरीची, सगळी.

मग जीवीबेननं मसूर घेतली. घरं नावानं सांगत गेली.
याचं झाकण हलतं.
याचा वास येत नाही, म्हणजे बरा नाही,
खालून फुटलाय. त्याला लागून कोणाची बोअर आहे?
कोणाची आहे?
मागच्या ओळीतून एक हात वर आला, अर्धा.
त्यानंतर बायका आपणहून सरकल्या,
उंबऱ्याशी दाटी झाली.

हजेरीच्या कागदावर तिनं नाव लिहिलं,
गुजरातीत, शिरोरेघ नसलेली
उघड्या डोक्याची अक्षरं.
मग विचारलं, झाडू का आता?

ऑफिसात नकाशा उलगडला
तर घडीतून एक मसूर पडली, टेबलाखाली गेली.
गुडघ्यांवर बसून शोधली.
साहेब म्हणाले, अहो, एका दाण्यानं काय होतंय.

कोणाच्या घरची, ते माहीत नाही.
पाकिटात घातली आहे.
बुधवारी पहिल्या बसनं जाऊन विचारते.