दुफारे, एकूण सात

यादी भाग क्रमांक एकशे चौदा.
ढोले एकसष्ट, राऊत चाळीस,
काळमेघ सत्तावीस, टेकडीकडचे उईके नऊ.
आणि दुफारे.
पाच मतदार, दोन अठराच्या आतले.
तालुक्यात दुसरं घर नाही, जिल्ह्यातही नाही.
तहसीलचा बाबू पडद्यावर वर-खाली करून म्हणाला,
"मॅडम, फ चुकला. प करून टाका. दुपारे."

मी अंगणवाडीची बाई. वर्षातून दोनदा
यादी काखेत मारून दारोदार फिरते,
मेलेल्यांवर रेघ ओढते, सुनांना आत घेते.
फ चा प करायला
असा कितीसा वेळ लागतो?

शेवंता दुफारे ओट्यावर तूर पाखडत होती.
सूप थांबलं नाही.
"प नको करू व माय.
माह्या सासऱ्यानं त्या फ पायी शाळेत मार खाल्ला."

मग सांगितलं ते असं:
धामणखेडच्या जिनात बॉयलर आला,
बॉयलरसोबत एक गोरा आला, लाल मानेचा,
दुफूर नावाचा. अकरा हंगाम राह्यला,
सरकीच्या ढिगावर झोपायचा,
पऱ्हाटीला बोट लावून नाव विचारायचा.
बाराव्या हंगामाआधी कुठलासा पुर्जा आणायला गेला
आणि पुर्जा तेवढा आला, पार्सलनं.
मागं राहिलेलं पोर त्याचं, की त्यानं पोसलेलं,
हे तेव्हा कोणी विचारलं नाही
आणि आता सांगायला कोणी उरलं नाही.

मास्तरनं विचारलं, आडनाव?
पोरानं ऐकलेलं तेवढं सांगितलं.
मास्तरनं आधी दोन छड्या दिल्या, मग शेपटीला रे जोडला.
कर लावायला गाव लागतं.
रे फुकट मिळतो.

गावात अर्थाला तोटा नाही.
भर दुपारी जन्मले म्हणून, असं पाटलाच्या पारावर सांगतात.
फाळे चोरले असतील, असं लोहाराकडे.
सोयरीक घेऊन येणारा मात्र अडखळतो;
आडनाव ऐकून माणूस ठेवायचा तो कोनाडा
त्याला सापडत नाही.
चहा अर्धा ठेवून तो हळूच विचारतो,
"दुफारे... म्हणजे कोण?"

शेवंताची नात मोनाली अमरावतीला शिकते.
तिनं शोधलं. दु म्हणजे चा,
फूर म्हणजे भट्टी.
भट्टीचा.
तिकडे गावाची भाकर एकाच भट्टीत भाजायचे,
तिच्या शेजारी राहणारा, नाहीतर तिला लाकूड घालणारा.
आणि तिकडे हे आडनाव पायलीचे पन्नास.
पण रे लावलेले, मोनाली म्हणते,
अख्ख्या जगात आमी सात.

"भट्टीचा?" शेवंता पहिल्यांदा हसली.
"मंग बरोबर हाय.
मे महिन्यात ह्या टिनाखाली झोपून पाय एक डाव."

मी ओट्यावर बसून हिशेब केला.
सातातल्या दोघी बाहेरून आलेल्या:
शेवंता नेवाऱ्यांची, मंदा झाड्यांची.
जन्मानं पाच.
त्यातली मोनाली फाल्गुनात वरूडला चालली,
म्हणजे तिथल्या यादीत एक बोंडे वाढेल
आणि इथे माझ्या हातानं रेघ.
धाकटा गुणवंत बिनलग्नाचा, पुण्याला गाड्या धुतो,
तिथे त्याला सगळे दुबे म्हणतात.
तोही आता हो म्हणतो.

"मी नाही बदलणार," मोनाली आतून म्हणाली.
"तेव्हाचं तेव्हा पाहू," मंदा म्हणाली.
शेवंता काहीच म्हणाली नाही. खडा वेचून
अंगणात फेकला. कोंबडी धावली, फसली.

माझ्या माहेरच्या यादीत माझ्यावरही अशीच रेघ आहे.
ओढणारी बाई ओळखीची होती,
लग्नात जेवून गेली होती.
ते आडनाव मी शेवटचं कधी लिहिलं,
आठवायला गेले
तर त्याची वेलांटी आधी आठवली, मग अक्षर.

फॉर्म आठ. दुरुस्तीचा रकाना.
मी लिहिलं: दुरुस्ती नाही.
बाबूला पुन्हा चूक वाटू नये म्हणून
फ ची शेपूट जरा जास्तच वळवली,
खालच्या ओळीत ढोले सुरू होतात
त्यांच्या डोक्याला लागेपर्यंत.