नख अडतं का बघ

भोसरी, एस ब्लॉक, दुसरी पाळी.
बाहेर टेम्पो रिव्हर्स घेतोय, त्याची पिपाणी थांबत नाही.
आत अ‍ॅल्युमिनियमची जाड पाटी
बेडवर, चार क्लॅम्पांखाली.

पहिली बाजू सोपी असते.
कुठलाही कोपरा धरावा, त्याला शून्य म्हणावं,
तो शून्य होतो.
हरकत घ्यायला अजून कुणी नसतं.

दुधभाते म्हणायचे, खरं काम उलटल्यावर.
डावं उजवीकडे जातं.
तासभर खणलेलं पॉकेट
खाली तोंड करून बेडशी काहीतरी बोलत बसतं,
आणि वर येते कोरी बाजू
जिला तुझं काही म्हणजे काही ठाऊक नाही.

म्हणून सगळ्याच्या आधी दोन भोकं.
नुसत्या ड्रिलची नाही, रीमर घातलेली.
पिन अंगठ्यानं दाबली की
आतली हवा ढकलत, नाखुशीनं बसेल अशी.
तशीच दोन खालच्या प्लेटमध्ये.
आणि दोन्ही त्याच रेषेवर
जिच्याभोवती जॉब फिरणार.
जॉब फिरू दे, रेषा हलता कामा नये.

साडेसातला डबा उघडताना त्यांचा ठरलेला प्रश्न,
घोडा का अडला, भाकरी का करपली?
मी म्हणायची, न फिरवल्यामुळे.
आणि तुझा जॉब का गेला?
फिरवल्यामुळे.
मग स्वतःच हसायचे, ठेच्यानं ठसका लागेपर्यंत.
भाकरी कशीही उलट गं, भाकरीच राहते.

मी एकदा उलटला
डावीउजवीकडे उलटायचा तो पुढून मागे.
पिना बसल्या.
पिनांना काय, दोघी आठच्या, जुळ्या,
कुठली कुठे गेली त्यांनाही कळलं नसेल.
डायल फिरवून बघितला, काटा जागचा हलला नाही,
सगळं इतकं सरळ की शंका यावी,
आणि मला आली नाही.

अकराव्या मिनिटाला कटर आरपार.
जिथं तळ हवा होता तिथून
दुधासारखा कूलंट खाली गळायला लागला.
शेवटचा नग होता. माल यायला चार दिवस.

घारपुरे साहेब आले, चष्मा कपाळावर,
विचारलं, कुणी उलटला?
मशीन बंद होतं, फक्त पंखा.
दुधभात्यांनी हात पुसले. माझी बाजू घेतली नाही.
एवढंच म्हणाले,
पिना मी सारख्या ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून एक पिन आठची, एक सहाची.
माणूस चुकणारच, म्हणाले,
चुकीला बसायला भोक ठेवू नये.

जॉब पूर्ण झाला की टॅब कापायचे.
भोवतालची चौकट सुटते, हातात येते,
आणि तिच्यातच ती दोन भोकं.
ड्रॉइंगवर नाहीत.
चाकणला ज्यांच्याकडे माल जातो त्यांना
कधी होती हेही माहीत नाही.
शनिवारी भंगारवाला येतो, चौकटी दुमडतो,
किलोवर घेऊन जातो.

मार्चमध्ये दुधभाते रिटायर झाले.
नारळ, शाल, आणि भिंतीवरचं घड्याळ
जे त्यांनी तिथंच उलटून पाहिलं, सेल कुठे बसतो ते.
आता औशाकडे असतात.
फोन लागतो, पण मागे बोअरच्या मोटरचा आवाज,
निम्मं कळत नाही.

आज नवीन पोरगा आलाय, तन्वीर,
औंध आयटीआय, कोरे सेफ्टी शूज.
विचारतो, मॅडम, दोन पिना दोन मापाच्या कशाला?

मी सांगणार होते.
मग धुतलेला नग त्याच्या हातात दिला,
वरचा कटर आणि खालचा कटर
कडेला जिथं भेटलेत ती रेघ दाखवली.
दिसली नाही त्याला.

डोळ्यानं नको, म्हटलं.
नख फिरव.
अडतं का बघ.